चाळीस बहिऱ्यांची मिसल

सन एकोणीसशे छप्पनच्या पोळ्यापर्यंत आमच्या तालुक्यात बहिरे इसम एकूण सात होते. दसऱ्यापर्यंत ते सत्तेचाळीस झाले. या वाढीत कुठल्याही रोगराईचा हात नव्हता. जे झालं ते नियमाप्रमाणे झालं, आणि मी त्या वेळी तहसिलीत पेशकार, म्हणजे साहेबांचे कागद लिहिणारा कारकून, असल्यामुळे त्यातलं बरंचसं माझ्याच अक्षरात आहे. माझं अक्षर चांगलं आहे, असं तेव्हाचे सगळे साहेब म्हणत.

प्रकरण सुरू झालं ते सातासमुद्रापलीकडं. तिकडच्या कुठल्याशा विद्यापीठातल्या विद्वानांना असा प्रश्न पडला की, निरनिराळ्या देशांतल्या तरुण मंडळींना संगीत ऐकून काय वाटतं? प्रश्न तसा निरुपद्रवी होता. त्यांनी तो आपल्या घरात ठेवला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांनी तो देशोदेशी पाठवला. आपल्याकडं त्याच्यासाठी 'युवक-संवेदना मापन कक्ष' नावाचं नवं खातं निघालं, आणि त्या खात्याकडून एक ग्रामोफोन, तीन तबकड्या, छापील तक्ते, लाखेनं बंद केलेला एक लिफाफा आणि श्री. भुजंगराव नावाचे संवेदना-निरीक्षक, असा सगळा सरंजाम जीपमधून आमच्या दारात येऊन उभा राहिला.

भुजंगराव पस्तिशीचे, सडपातळ, बोलण्यात नेमके. मी सहज विचारलं, "साहेबांना गाण्याची आवड दिसते?"

"नेमणूक झाल्यापासून आहे," ते म्हणाले.

पाहणीसाठी लिंबाळवाडी हे गाव निवडण्यात आलं. नमुन्याचं गाव निवडण्याचं एक शास्त्र असतं. जीप ज्या गावापर्यंत जाते आणि ज्याच्या पुढं जात नाही ते गाव नमुन्याचं, असं ते शास्त्र. लिंबाळवाडी पिंगळी स्टेशनापासून दोन कोसांवर. निम्मी वस्ती शेतकऱ्यांची, निम्मी धनगरांची. अठरा ते पंचवीस वयाची चाळीस माणसं चावडीवर बसवण्यात आली. वयाचे दाखले नव्हते, तेव्हा मुलांची वयं पटवाऱ्यांनी मिशीवरून लावली आणि मुलींची कडेवरच्या लेकरांवरून.

भुजंगरावांनी तक्ता समजावून सांगितला. "प्रत्येक तबकडी ऐकायची आणि काय वाटलं ते सांगायचं. रकाने पाच आहेत. आनंद, दुःख, राग, प्रेम आणि 'काही वाटत नाही'. एका तबकडीला एकच रकाना."

पहिली तबकडी सनईची होती. दोन मिनिटं वाजली असेल नसेल, तोच गल्लीतून बायका हळदीकुंकवाची ताटं आणि अक्षता घेऊन लगबगीनं आल्या. सगळ्यांच्या पुढं केवळाबाई, मल्हारी नावाच्या धनगराच्या पोराची आई. "लगीन कोणाचं हाय वो? सांगावा न्हाई धाडला!"

"लग्न नाही. फक्त सनई आहे," भुजंगराव म्हणाले.

"लगीन न्हाई अन् सनई?" केवळाबाई दचकल्या. "इपरीत करू नका साब. गावावर येतंय."

त्यांना बाजूला बसवून भुजंगरावांनी पहिल्या रांगेतल्या कोंडाबाईला विचारलं, "हे ऐकून काय वाटलं? आनंद का दुःख?"

कोंडाबाई एकोणीस वर्षांची. "लगीन कोणाकडलं त्यावर हाय की. माज्या लगनात वाजली तवा मी लय रडले. नणंदेच्या येळंला वाजली तवा पाय दुखस्तोवर नाचले."

"पण आत्ता? आत्ता काय वाटलं?"

"आत्ता कोणाचं लगीनच न्हाई तर काय वाटावं?"

चाळीसांच्या चाळीस जणांचं हेच म्हणणं पडलं. भुजंगरावांनी 'काही वाटत नाही' या रकान्यात चाळीस फुल्या मारल्या. रकान्याच्या मानानं उत्तर मोठं झालं की फुली तिथंच मारायची असते.

दुसरी तबकडी परदेशी पलटणीच्या बॅंडची होती. पितळी वाद्यं, ढमढम ढोल, संथ चाल. चावडीवर एकदम चैतन्य आलं. परभणीहून वरातीसाठी येणारा बॅंड सगळ्यांनी पाहिलेला होता. दोघे उठून नाचायलाच लागले, एकानं शिट्टी मारली. चाळीस फुल्या आनंदाच्या रकान्यात. तिसऱ्या तबकडीत एक परदेशी बाई गात होती. तिचा आवाज चढत चढत अशा ठिकाणी गेला की चावडीखालचं कुत्रं उठून निघून गेलं. बॅंडला पुढं होऊन नाचलेला मल्हारी ताडकन उभा राहिला.

हा मल्हारी बावीस वर्षांचा. गावचा ढोल तोच वाजवायचा, आणि शंभर मेंढरांतलं कुठलं कुठं आहे हे तो वर न बघता घंटीवरून सांगायचा. तो कळवळून म्हणाला, "साब, बंद करा ते. बाईला इंचू चावलाय. आमच्याकडं पाला हाय, पर बाई हाय कुठं?"

"विंचू नाही. ती गाणं म्हणते आहे," भुजंगराव म्हणाले. "तिचं कुणावर तरी प्रेम आहे."

"प्रेमात येवढं वरडत्यात?" केवळाबाईंनी पदराआडून विचारलं. "त्यो माणूस पळून न्हाई गेला?"

"आजून एक साब," मल्हारी म्हणाला. "तुमच्या फोनूची सुई घासलीय अन् चावी सैल पडलीय. दुसऱ्या गान्याला अर्ध्यातून चाल ढिली व्हायलीय."

या निरीक्षणासाठी तक्त्यात रकाना नव्हता.

आम्ही परत आलो आणि लिफाफ्याची लाख फोडली. आत योग्य उत्तरं होती. पहिली तबकडी, आनंद. दुसरी, दुःख, कारण ती एका सेनापतीच्या अंत्ययात्रेची धून होती. तिसरी, प्रेम. ज्या देशात तबकड्या तयार झाल्या तिथल्या तरुणांपैकी सत्त्याण्णव टक्क्यांनी ही उत्तरं बरोबर दिली होती. लिंबाळवाडीची टक्केवारी शून्य.

भुजंगरावांनी ते शून्य दोनदा तपासून पाहिलं. मग म्हणाले, "पेशकार, दोनच शक्यता आहेत. एक तर उत्तरं चुकली, नाहीतर कान. उत्तरांवर लाखेचं सील आहे."

"पण साहेब, त्यांनी जबाब तर दिले. ऐकल्याशिवाय कसे दिले?"

"चुकीचे दिले. म्हणजे नीट ऐकू आलेलं नाही. लिहा."

मी लिहिलं. पेशकारानं एकदा शंका काढायची असते आणि मग लिहायचं असतं. त्यामुळं मन स्वच्छ राहतं आणि नोकरीही.

चाळीस इसमांची 'श्रवणदोषी' म्हणून यादी तयार झाली. यादी संबंधितांना कळवणं नियमानं बंधनकारक होतं, म्हणून लिंबाळवाडीत दवंडी देण्यात आली की, खालील चाळीस जणांना ऐकू येत नाही, त्यांनी चावडीवर हजर व्हावं. चाळीसही जण हजर झाले. भुजंगरावांनी शेरा मारला की, इतरांना जाताना पाहून आले असावेत.

इथवर गावानं सगळं हसण्यावारी नेलं होतं. पण कागद एकदा चालायला लागला की त्याला पाय फुटतात. ही यादी आणखी कुठल्यातरी टेबलावर गेली, आणि तिथल्या दक्ष माणसानं हुकूम काढला की, श्रवणदोषी इसमांनी आगगाडीच्या रुळांलगत जनावरं नेऊ नयेत. लिंबाळवाडीच्या मेंढरांचं चराऊ रान म्हणजे पिंगळीपर्यंतचा तो रुळांलगतचा पट्टाच. आणि पिंगळीत सटवाजी राहत होते, ज्यांच्या चतुरेशी मल्हारीची सुपारी फुटली होती. माघात लग्न होतं.

ही सोयरीक आईबापांनी ठरवलेली असली, तरी मल्हारीची त्यात ओढ होती. दोन वर्षांपूर्वी रुळांच्या पलीकडून एका पोरीनं मेंढरांना घातलेली हाळी त्याच्या कानावर पडली होती. पोर दिसली नव्हती. मल्हारीनं घरी येऊन सांगितलं होतं, "आये, ही हाळी कोणाची हाय ते बघ. मला तीच करायची." केवळाबाईंनी तीन वस्त्या पालथ्या घालून ती हाळी शोधून काढली होती. असा हा मुलगा सरकारी यादीत बहिरा ठरला, आणि पिंगळीच्या पारावर लोक सटवाजींना विचारायला लागले की, बहिऱ्याला लेक देता म्हणं?

सटवाजी लिंबाळवाडीला आले. त्यांनी मल्हारीला वाड्यातल्या मेंढरांकडं पाठ करून उभं केलं.

"आत्ता कोण खोकलं?"

"भुंडी. अन् ती खोकली न्हाई मामा, शिंकली."

"अन् ही घंटी वाजायलीय ती कोणाची?"

"वाजायलीय कुठं? पैंजनाच्या घंटीतला लोळा पडलाय. ती तुमच्या धोतराला तोंड लावायलीय."

सटवाजींनी खाली बघितलं. धोतराचा सोगा खरंच पैंजन नावाच्या मेंढीच्या तोंडात होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "येवढा कान मी मपल्या जन्मात न्हाई बघितला रे," ते म्हणाले. मग खाली बसले. "पर कागदावर न्हाई की. उद्या चार लोकांत इचारलं तर काय मेंढीची साक्ष काढू? कागद आना, पोरगी तुमचीच हाय. न्हाई आना, तर माघात मी दुसरं बघतो."

केवळाबाई दरखास्त घेऊन तहसिलीत आल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "पेशकारसाब, पोरगं जेवना झालंय. तुमीच लिवलं, तुमीच पुसा."

मला त्यांची दया आली, हे मी कबूल करतो. मी त्यांना खुर्ची दिली. पण लिहिणं आणि पुसणं ही वेगवेगळ्या अधिकाराची कामं आहेत. दरखास्त मिसलीत, म्हणजे प्रकरणाच्या फायलीत, लागली, मिसल वर गेली, आणि ती वाटेत असतानाच नोव्हेंबरची पहिली तारीख उगवली. राज्यच बदललं. काल आम्ही हैदराबाद राज्यात झोपलो होतो आणि आज मुंबई राज्यात उठलो. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, भुजंगरावांच्या जीपवरची अक्षरं बदलली. मापन कक्षाचं उत्तर आलं, ते मला अजून पाठ आहे. 'सदर इसमांचे बहिरेपण मागील राज्याच्या कारकिर्दीतील आहे. विलीनीकरणात ते या राज्याकडे वर्ग झाले आहे. ते दूर करण्याचे अधिकार वर्ग झालेले नाहीत. सबब, इसमांनी या राज्यात नव्याने ऐकून दाखवावे.'

म्हणजे फेरतपासणी. पौष लागला होता आणि माघ तोंडावर आला होता. भुजंगराव माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "उत्तरं तुम्हाला माहीत आहेत. गावाला माहीत असू नयेत असं कुठंही लिहिलेलं नाही."

मी लिंबाळवाडीत आठ दिवस शिकवणी घेतली. सनई वाजली की दात दाखवायचे. बॅंड वाजला की मान खाली आणि उपरण्यानं डोळे पुसायचे. बाई ओरडली की एक हात छातीवर. अडचण एकच आली. बॅंडला रडायला मल्हारी तयार होईना.

"साब, ही वरातीची चाल हाय. वरातीला रडलं तर अपशकुन."

"तिकडं ती मयताची असते."

"त्यांच्या गावच्या मयताची चाल त्यांना कळंल की! आमच्या मयताची हलगी त्यांना ऐकवा, मग बघू किती जन रडत्यात."

"मल्हारी," मी म्हणालो, "तुला चतुरा पाहिजे का खरं पाहिजे?"

त्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली. मग त्यानं उपरणं डोळ्यांना लावलं. मला वाटतं, त्या दिवशी तो खरंच रडत होता, पण तक्त्यात खऱ्या-खोट्याचा रकाना नसल्यामुळं मी त्यात गेलो नाही.

फेरतपासणीत लिंबाळवाडीला शंभर टक्के गुण पडले. सत्त्याण्णव टक्केवाला देश मागं पडला. कक्षाच्या अहवालात आलं की, विलीनीकरणानंतर अवघ्या तीन महिन्यांत या भागातील तरुणांच्या भावना पूर्ण विकसित झाल्या. चाळीस जणांना दाखले मिळाले. दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरात एक शर्त होती. सहा महिने देखरेख राहील, आणि त्या मुदतीत चुकीचा भाव प्रकट झाल्यास दाखला रद्द होईल.

माघात लग्न झालं. सटवाजींनी हौसेनं परभणीचा बॅंड सांगितला होता. उपकाराची फेड म्हणून भुजंगरावांना आणि मला मानाचं आमंत्रण होतं. मांडवात आम्हाला टेबल-खुर्ची मांडलेली. भुजंगराव येताना तक्ता घेऊन आले, कारण देखरेखीची मुदत चालू होती आणि ते कर्तव्याला रजा देत नसत.

वरात पिंगळीच्या वेशीतून आत आली. नवरदेव घोड्यावर. बॅंडवाल्यांनी वाद्यं उचलली, ढमढम सुरू झालं, आणि भुजंगरावांनी पेनाचं टोपण काढलं. ते बघताच वऱ्हाडातल्या चाळीस जणांनी माना खाली घातल्या आणि डोळ्यांना उपरणी-पदर लावले. शिकवणी पक्की झाली होती. काही जण हुंदकेही देत होते, ते मी शिकवले नव्हते. मुलीकडच्या बायकांनी वरात रडत येताना पाहिली आणि काय समजायचं ते समजून हंबरडा फोडला. म्हाताऱ्यांनी पागोटी उतरवली. बॅंडवाले घाबरून जास्तच जोरात वाजवायला लागले, त्यामुळं रडणंही वाढलं.

सटवाजी धावत घोड्यापाशी गेले. "कोण गेलं रे?"

"कोनी न्हाई मामा," घोड्यावरून मल्हारी हुंदका देत म्हणाला. "कागद टिकवायलोय."

भुजंगरावांनी तक्त्यावर लिहिलं, 'समाधानकारक.'

सटवाजी आमच्या टेबलापाशी आले. नाचा म्हणावं तर दाखला जातो, रडा म्हणावं तर लग्न जातं. त्यांनी मला हात जोडले. "पेशकारसाब, तुमी शिकल्यालं मानूस. हे लगीन हाय का मयत, येवढं सांगा. मी तसं वागतो."

मी मिसल उघडली. मिसलीत याचं उत्तर नव्हतं. मी म्हणालो, वर विचारावं लागेल.

तेवढ्यात मांडवाच्या आतल्या अंगाला बसलेली चतुरा उठली. तिनं मुंडावळ्या हातानं बाजूला केल्या आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आबा, नवरा बहिरा असला तरी मला चालतंय. रडका चालायचा न्हाई." मग तिनं कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्या आश्रुबाकडं बघितलं. "काका, ते बॅंडवाले बंद करा अन् आपला ढोल काढा."

आश्रुबानं ढोल काढला. पहिल्या थापेला मल्हारीनं मान वर केली, दुसऱ्या थापेला तो घोड्यावरून उतरला, आणि पाचव्या-सहाव्या थापेला ढोल आश्रुबाच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात आला होता. नवरदेवानं स्वतःच्या लग्नात वाजवू नये असा रिवाज आहे, पण त्या दिवशी रिवाजाला कुणी विचारलं नाही. चाळीसच्या चाळीस जण नाचायला लागले. कोंडाबाई नाचली, केवळाबाई नाचल्या, सटवाजी जावयाचा दाखला पागोट्यात खोचून नाचले. चतुरा हसत होती. इतका आनंद मी एका जागी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही पाहिला नाही.

कागदोपत्री सांगायचं तर, ढोल ही चौथी तबकडी मंजूर नसल्यामुळं त्यावर प्रकट झालेला भाव चुकीचा ठरला आणि चाळीस दाखले रद्द झाले. वधूनं जाहीररीत्या बहिरेपणास संमती दिल्यामुळं यादीत तिचंही नाव चढलं. हुकूम माझ्याच अक्षरात आहे. मल्हारी आजही सरकारदरबारी बहिरा आहे, त्याच्या बायकोलाही ऐकू येत नाही, आणि दोघं रुळांच्या दोन बाजूंनी एकमेकांना हाळ्या घालत मेंढरं चारतात, असं ऐकून आहे.

एक गोष्ट मात्र मिसलीत नाही. ढोल सुरू झाला तेव्हा टेबलाखाली माझा उजवा पाय आपोआप ताल धरायला लागला. मी घाबरून भुजंगरावांकडं पाहिलं. तेही माझ्याकडंच पाहत होते. त्यांचे पाय स्थिर दिसले, म्हणून मी माझा उजवा पाय डाव्यानं दाबून धरला. पुढं चार वर्षांनी निरोपाच्या चहाला त्यांनी मला सांगितलं की, त्यांनीही तेच केलं होतं, माझे पाय स्थिर दिसले म्हणून.

हसा खुशाल. पण परवाच्या गाण्याच्या बैठकीत 'वाहवा' म्हणण्याआधी तुम्ही पुढच्या रांगेतल्या कुणाची मान हलते का ते बघितलंत, हे मी तुमच्या मागं बसून पाहिलं आहे. तुमची मान हलल्यावरच मी माझी हलवली.